सातव्याची पाहुणी

बारा वर्षांनी मी तांता शहरात ताईच्या घरी गेले ती फक्त एका शब्दासाठी. 'चुकलं' एवढंच तिने म्हणायचं होतं. माझी सहा वर्षांची वदाद गेली, तेव्हा या सख्ख्या बहिणीला दीड तासाची गाडी पकडून अलेक्झांड्रियाला येता आलं नव्हतं. आता तिला नात झाली, तर सातव्या दिवसाचं आमंत्रण. मी औषधाच्या दुकानात उभी राहून जन्म काढलेली बाई, रुसून घरी बसणाऱ्यांतली नाही. जाऊन तोंडावर विचारायचं ठरवलं.

दुपारी दोनला पोचले. दिवाणखान्यात बायका दाटीवाटीने बसलेल्या. मुगातचे, म्हणजे बाळंतिणीच्या पौष्टिक पेयाचे, गरम पेले फिरत होते, वर बोटभर तूप. बाळाला चाळणीत घालून जमिनीवर ठेवलं होतं आणि त्याची आई, माझी भाची शैमा, त्याला सात वेळा ओलांडत होती. ताई बाळाच्या कानाशी पितळी खलबत्ता कुटत सांगत होती, "आईचं ऐक गं, बापाचं मुळीच ऐकू नकोस." सगळ्या हसल्या.

मावसबहीण एतिदाल माझ्याजवळ सरकली. आमची गाठ वीसेक वर्षांनी पडत होती.

"इन्साफ, किती वाळलीस गं. लेकीला नाही आणलंस?"

माझं डोकंच फिरलं. "माझी लेक वारली, एतिदाल. बारा वर्षं झाली."

"काहीतरीच तुझं. शैमाच्या कळा सुरू झाल्या तर दिवसभर तिचे पाय दाबत तीच बसली होती. उंच झालीय हां. आणि सगळं डाव्या हाताने."

वदाद डावखुरी होती. एतिदालने तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. ताई शेंगदाणे आणि साखरेच्या गोळ्या पिशव्यांत भरत होती.

"ताई, ही कसली थट्टा? मातीला आली नाहीस, आणि आता हे?"

तिचे हात थांबले. "आम्ही निघालो होतो, इन्साफ. चपला पायात होत्या. दार उघडलं तर ती उभी. भूक लागली म्हणाली. मग तिला टाकून कसं यायचं?"

"मला कळवायचं होतंस."

"तीच नको म्हणाली."

मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवा. बारा वर्षं मी तिचं अंथरूण घालतेय, आणि ही जेवायला मावशीकडे.

"माझ्याकडे का नाही आली?"

ताई पिशव्यांना गाठी मारत राहिली.

जिन्यात पावलं वाजली. बाहेरचा गलका थांबला.

मी स्वयंपाकघराच्या दारात आले. बायका हसऱ्या तोंडाने बाहेरच्या दाराकडे बघत होत्या. दोघीतिघींनी सरकून जागा केली.

मला फक्त उघडं दार दिसलं आणि जिन्याचा कठडा.

ताईने माझी पर्स आणून माझ्या हातात दिली. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत ती हळूच म्हणाली, "ये गं, बस. ही निघालीच आहे."