वाढलेली नखं

"हा माझा कुत्रा नाही!" बाई म्हणाल्या.

भाऊजी चाट पडले. वहिनी खासगी गुप्तहेर आणि भाऊजी तिची टिपणं घेणारे दीर, पण असली तक्रार दोघांनीही कधी ऐकली नव्हती. सोफ्यापाशी बसलेला पिवळा कुत्रा भिंतीवरच्या फोटोबरहुकूम होता, कानावरच्या काळ्या ठिपक्यासकट.

निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई सोळाव्या मजल्यावर एकट्याच राहत. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस इस्पितळात होत्या. परतल्यापासून त्यांचं हे एकच पालुपद.

"आईला भ्रम झालाय," मुलगा म्हणाला. "उद्या वृद्धाश्रमात नेतोय. मला तरी कुठे सवड? या घरात सहा महिन्यांनी आज पाऊल टाकतोय."

कुत्रा उठला. फरशीवर नखं टकटक वाजवत गेला आणि मुलाच्या बुटांवर हनुवटी टेकून बसला.

"आठ दिवस किल्ली कुणाकडे होती?" वहिनीने विचारलं.

"माझ्याकडे," कुत्रे फिरवणारा लंबू पुटपुटला. "चार वर्षं मीच फिरवतोय. रोज दोन वेळा, तास तासभर फुटपाथवर. बाई नव्हत्या तेव्हाही."

त्याने चुचकारलं, तर कुत्रा मुलाच्या पायांमागे दडला. लंबू मान खाली घालून विजारीवरचे पिवळे केस झटकत राहिला. चोराच्या मनात चांदणं, असं भाऊजींनी टिपून ठेवलं.

वहिनीने कुत्र्याचा पंजा उचलला. "रोज सिमेंट तुडवणाऱ्या कुत्र्याची नखं झिजतात. ही आकड्यासारखी वळलीत. हा घरात कोंडलेला कुत्रा आहे." तिने ओला रुमाल त्याच्या कानावर घासला. रुमाल काळा झाला!

"लंबूनंच बदलला!" भाऊजी ओरडले.

"भाऊजी, लंबूला तर हा ओळखतही नाही. ओळखतो तो सहा महिने न आलेल्या माणसाला." वहिनी मुलाकडे वळली. "याला तुम्ही स्वतःच्या घरी वाढवलंत. आईला वेडी ठरवलं की हे घर तुमचंच."

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. भाऊजींनी लंबूवरचं टिपण खोडलं. पोटचा पोरगा, आणि असं?

"हे दादा म्हणाले, खऱ्याला लांब सोडून ये, नाहीतर चोरीत अडकवतो," लंबू रडू लागला.

"पण तू सोडला नाहीस. हा तुझ्याजवळ फिरकत नाही, मग विजारीवर ताजे केस कुणाचे?"

"माझ्या घरी आहे तो, बाई. धडधाकट आहे."

बाईंनी डोळे मिटले.

"आई, ऐक तरी..."

"कुत्रा बदललाय, हे मला दारातच कळलं रे," बाई म्हणाल्या. "तू कधी बदललास, ते मात्र नाही कळलं."

मुलगा दाराकडे निघाला. कुत्राही टकटक करत त्याच्यामागे गेला.

"त्याला इथेच राहू दे," बाई म्हणाल्या. "लंबू, आधी त्याची नखं काप. आणि मग माझ्या लेकराला घेऊन ये."