मागच्या सीटवरचा भार

ज्याच्यावर हे बेतलं तो माणूस आजही नगरजवळच्या केडगावात राहतो. पुणे रोडच्या आतल्या बाजूला त्याचं गॅरेज आहे. तुम्ही जाऊन विचारलंत तर तो चहा पाजेल, पावसापाण्याचं बोलेल आणि हा विषय टाळेल. पण जे झालं ते झालं. यातलं काहीही पदरचं नाही.

भुताखेतांचा वावर रात्रीचा, असं आपण धरून चालतो.

हे भर दुपारी झालं.

मागच्या वर्षीचा एप्रिल महिना. नगरचं ऊन म्हणजे काय, ते नगरकरांना सांगायला नको. मेहताब तांबोळी आपल्या गॅरेजात एकटाच होता. जुन्या गाड्यांचा मिस्त्री म्हणून त्याचं नाव आहे. भांडकुदळ नाही, घाबरट तर मुळीच नाही.

तेव्हा सुमेधा मुळे गाडी घेऊन आल्या. तिसगावच्या कॉलेजात त्या शिकवतात, आणि रोज करंजी घाटातून जा-ये करतात. लहानपणी घरात ॲम्बेसेडर होती, त्या हौसेपायी त्यांनी कोपरगावहून एक जुनी ॲम्बेसेडर विकत आणली होती.

"मेहताबभाई, गाडी मागून डावीकडे बसते हो. सारखं वाटतं, मागे कुणीतरी बसलंय."

मेहताब हसला. "पाटे गेले असतील मॅडम. जुनी गाडी हाय. घाटात अशी चालवू नका, उलटंल एखाद्या वळनावर."

त्याने गाडी उचलून मागचे पाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या कमानदार स्प्रिंगा, काढले. रबरी बुशांचा पार भुगा झाला होता. शॉकअपमधून तेल गळत होतं. यात नवल काहीच नव्हतं.

नवल पुढं होतं.

उजव्या बाजूच्या पाट्याला अजून चांगली कमान होती. डावा मात्र फळीसारखा सरळ झाला होता. वर्षानुवर्षं एकाच जागी, एकाच बाजूला कुणी बसून राहावं, तसा.

पण मागची सीट?

तिच्यावर साधी चुणीसुद्धा नव्हती.

मेहताबने फार विचार केला नाही. दोन्ही बाजूंना नवे पाटे, नवे शॉकअप, नवे बुश घातले. गाडी ताठ उभी राहिली. त्याने डिकीवर हाताने दाब देऊन सोडला. गाडी एकदा वर आली आणि जागच्या जागी थांबली. काम चोख झालं होतं.

मग तो ट्रायलला निघाला. एकटाच. रस्त्यावरच्या खड्ड्यांतून गाडी अलगद जात होती. समाधानाने त्याने ती परत गॅरेजसमोर आणून लावली, खाली उतरला, दार लावलं.

आणि पाठीमागून आवाज आला...

कर्र... कर्र...

त्याने वळून पाहिलं.

गाडीची मागची डावी बाजू हळूहळू वर येत होती.

कुणी उतरावं, तशी.

मेहताबच्या हातातली किल्ली हातातच राहिली. त्याने गाडीला एक फेरी मारली. दारं बंद होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. 'नवा पाटा हाय, बसायला टाइम लागतो,' त्याने स्वतःला समजावलं, आणि संध्याकाळी गाडी मॅडमच्या ताब्यात दिली.

आठवडाभरातच सुमेधाताई परत आल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या.

"गाडी पुन्हा बसली. आणि मेहताबभाई... मी काही अंधश्रद्धाळू बाई नाही. पण काल घाट चढताना मागून कुणीतरी सुस्कारा टाकला. मी आरशात बघितलंच नाही. माझी छातीच झाली नाही."

त्या गाडी ठेवून रिक्षाने गेल्या. मेहताबने वाकून पाहिलं. नवाकोरा डावा पाटा चेपला होता.

तशात दुपार झाली. समोरचा टपरीवाला फळ्या लावून जेवायला गेला. मेहताबने पाटा पुन्हा बदलला. पाट्याचे बोल्ट शेवटी आवळताना गाडीचा भार पाट्यावरच असावा लागतो. म्हणून त्याने मागच्या ॲक्सलखाली लाकडी ठोकळे लावले, जॅक काढून घेतला आणि पाना घेऊन तो गाडीखाली सरकला.

पाठीखाली गार फरशी. नाकासमोर गाडीचं काळं पोट.

तो बोल्ट आवळत होता.

आणि एकाएकी त्याच्या लक्षात आलं...

पुणे रोडचा आवाज येत नव्हता.

दिवसरात्र धडधडणारा तो रस्ता. एक ट्रक नाही, एक हॉर्न नाही. झाडावरचे कावळेसुद्धा गप्प.

मग वरून सीटची स्प्रिंग बोलली.

कर्र...

गाडी खाली आली. थोडीशीच. चार बोटं.

ठोकळे जागेवर होते. ॲक्सल जागेवर होता. दबला होता तो फक्त पाटा. आत कुणीतरी बसलं होतं.

"कोन हाय?" मेहताब ओरडला. "अहो, खाली मानूस हाय! उतरा!"



गाडी आणखी खाली आली.

गाडीचं पोट त्याच्या छातीला टेकलं. त्याने अंग चोरून बाहेर सरकायचा प्रयत्न केला. खांदा अडकला. पाना हातातून निसटला. श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. त्याला आपली बायको नाझनीन आठवली. सकाळी डबा देताना ती काहीतरी बोलली होती आणि त्याने लक्षच दिलं नव्हतं. काय बोलली होती ते त्याला आता काही केल्या आठवेना.

आणि वरून आवाज आला.

म्हाताऱ्या बाईचा. लांबच्या प्रवासाने आंबून गेलेला...

"आलं का रं गाव?"

 छातीवरचा भार वाढत होता. डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

"आलं का रं?"

त्याने विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. तोंडातून शब्द निघून गेले.

"आलं, आई. आलं गाव. उतरा आता."

क्षणभर काहीच झालं नाही.

मग मागचं दार उघडल्याचा आवाज आला. पाटा कुरकुरला. गाडी वर उचलली गेली. मेहताब कोपरांवर खुरडत बाहेर आला आणि भिंतीला टेकून धापा टाकत बसला.

मागचं डावं दार सताड उघडं होतं.

रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. कावळे ओरडायला लागले.

संध्याकाळी सुमेधाताई आल्या, तेव्हा गाडी ताठ उभी होती. मेहताबचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. त्याने सगळं सांगितलं. सुमेधाताईंनी तिथूनच कोपरगावला फोन लावला. गाडी विकणारे राधाकृष्ण वाबळे म्हणून ऊसवाले बागायतदार होते. फोनचा आवाज सुमेधाताईंनी मोठा केला.

गाडीत मागे एक म्हातारी बोलते, तुमच्यातलं कुणी त्या गाडीत वारलं होतं का, असं त्यांनी विचारलं.

"आमच्या घरातलं कुनी त्या गाडीत गेलं न्हाई, मॅडम. आमी पन ती दुसऱ्याकडूनच घेतल्याली. ती कोन हाय, आमाला ठावं न्हाई." मग त्यांचा आवाज उतरला. "ती इचारायची, हे खरं हाय. पन आमी कदी जबाब दिला न्हाई. तुमच्यातल्या कुनी दिला का?"

सुमेधाताईंनी मेहताबकडे पाहिलं.

मेहताबने फोनकडे पाहिलं. 

सुमेधाताई गाडी घेऊन गेल्या. गाडी एकदम सरळ चालली होती. मेहताब वळणापर्यंत तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने शटर ओढलं, स्कूटरला किक मारली आणि बसला.

गिअर टाकणार, तोच...

स्कूटर मागून दबली.

हळूच. वयस्कर माणूस जपून बसतं, तशी.

त्याने मागे पाहिलं नाही. घराकडे न जाता तो स्कूटर चौकाकडे घेऊन गेला. तिथे भाजीवाले होते, पाणीपुरीची गाडी होती, माणसांची वर्दळ होती. गर्दीत त्याला जरा धीर आला. हँडल मात्र जडच लागत होतं. दिवे लागले तशी त्याने मशिदीजवळ स्कूटर उभी केली, किल्ली तशीच तिला ठेवली आणि पायी निघाला. भराभर. वाट वाकडी करून, तीन गल्ल्या फिरून.

चालताना पाठीवर काहीच जाणवलं नाही. कुणाचा श्वास नाही, पावलं नाहीत.

घर दिसलं तसा त्याचा जीव भांड्यात पडला. दारात त्याने चपला काढल्या. आत नाझनीन ओट्याकडे तोंड करून भाकरी थापत होती. त्याची चाहूल लागली तरी तिने मान वळवली नाही.

ती फक्त म्हणाली, "या की. या, बसा."

मेहताब उंबऱ्यातच थांबला.

"कुनाला म्हनालीस?"

"तुमच्या मागं कोन हाय त्यांना." तिने तव्यावर भाकरी टाकली. "'आत येऊ का?' म्हनून इचारलं ना त्यांनी. कोन पाव्हनं आनलंय?"

त्याने मागे पाहिलं. रिकामी गल्ली. त्याने पुढे पाहिलं.

बाहेरच्या खोलीतला लोखंडी पलंग कुरकुरला.

या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. घरात कुणाला दुखलं नाही, खुपलं नाही. त्या पलंगावर मात्र कुणी बसत नाही. मेहताबने तो विकायला काढला होता. नाझनीनने विकू दिला नाही. का, ते तिलाही सांगता येत नाही.

कधी कधी ती भाकऱ्या थापता थापता थांबते. मान कलती करते. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी हळूच "हं... हं..." करते.

"कोन बोलतंय गं?" मेहताब विचारतो.

"कुटं कोन?" ती म्हणते. आणि पुन्हा भाकरी थापायला लागते.