ठेवायचा, वापरायचा, विकायचा

डोळ्यांवर पट्टी असतानाच वडिलांनी चाकूंचा निकाल लावायचं मनावर घेतलं, याचं मुलीला नवल वाटलं नाही. स्वस्थ बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. जन्मभर रोपवाटिकेत कलमं बांधली आणि शेवटी फवारणीचा पंप फुटून औषध दोन्ही डोळ्यांत उडालं. डॉक्टरांनी दहा दिवस पट्टी सांगितली होती. काम आता सुटल्यातच जमा होतं, मग कलमांचे ते नऊ घडीचे चाकू कशाला सांभाळायचे? मुलगी कचेरीत टायपिस्ट होती. सकाळचं काम उरकून ती दोनला घरी यायची आणि त्यांच्याजवळ थांबायची.

पहिल्या दुपारी टेबलावर तीन वाटे पडले : ठेवायचे, वापरायचे, विकायचे. ती एकेक चाकू हातात द्यायची. ते पातं उघडून अंगठ्याने धार चाचपायचे, मग चाकू कानाशी नेऊन मिटायचे. खट्. त्या आवाजावरून कुठला चाकू ते ओळखायचे.

"हा शिंगाच्या मुठीचा. गुलाबाची सगळी कलमं ह्याच्यावर झाली. ठेवायचा."

"आणि हा गंजका?"

"तुझ्या काकाला वीक. दोघांना एकच गंज चढलाय."

ती खळखळून हसली. तीन चाकू झाले आणि ते दमले. "बाकीचे उद्या बघू, ठके," म्हणाले. ठकी हे तिचं लाडाचं नाव. आई गेल्यापासून त्या नावाने हाक मारणारे तेवढे एकच उरले होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत कागदांचा ढीग पडला. घरी यायला चार वाजले. बाहेरचं कुलूप तिने आपल्या किल्लीने काढलं. आत येऊन बघते तर नऊच्या नऊ चाकू वाटून झालेले, सगळ्यांची टोकं एका दिशेला.

"एवढं सगळं एकट्याने केलंत?"

"एकट्याने कसं? तूच देत होतीस की. आज बोलत मात्र नव्हतीस फारशी."

"बाबा, मी आत्ता येतेय."

"चेष्टा पुरे हं."

शिंगाच्या मुठीचा चाकू विकायच्या वाट्यात होता. तिने तो उचलून त्यांच्या हातात दिला. "हा ठेवायचा होता ना?"

"तूच म्हणालीस, जुनं किती दिवस धरून बसणार. मला लागलं ते. पण म्हटलं, असेल तुझंही बरोबर."

असं ती चुकूनही म्हणाली नसती. पहिला संशय तिला काकांचा आला, त्या चाकूवर त्यांचा कधीपासून डोळा होता. पण किल्ली एकच, ती तिच्या पर्समध्ये. शेजारच्या काकू दिवसभर दारात गहू निवडत बसलेल्या. जिन्यावर चिटपाखरू फिरकलं नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. मग वडिलांच्या डोक्यावर तर परिणाम झाला नाही ना? जेवताना ती त्यांच्याकडे निरखून बघत राहिली. आणि तिच्या ध्यानात आलं, तेही मान तिरपी करून तिच्या श्वासाचा कानोसा घेत होते.

"खोटं का बोललीस?" त्यांनी हळूच विचारलं. तिने ताट बाजूला सारलं.

तिसऱ्या दिवशी तिने वडिलांना न सांगता रजा टाकली. "येते, बाबा," म्हणून दार धाडकन लावलं, पण आतून. कडी आवाज न करता सरकवली. चपला हातात घेऊन ती कपाटाशेजारच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. पायांना रग लागली, तरी हलली नाही.

दोन वाजले. वडील उठले, भिंत चाचपत टेबलाशी आले, बसले. चाकूंचे वाटे कालसारखेच तिथे पडले होते. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. समोरची खुर्ची रिकामी होती.

"आलीस?" त्यांनी विचारलं.

कोणी उत्तर दिलं नाही. ते मात्र समाधानाने हसले.

"हो, जेवलो. तू?"

मग ऐकत राहिले. मान डोलावली. दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवलेले.

खट्.

चाकू मिटल्याचा आवाज. त्यांचे तळवे जागचे हलले नव्हते.

ती कपाटाला आणखी चिकटली.

"काय म्हणतेस?" वडील पुढे झुकले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "कोपऱ्यात? कधीपासून?"

त्यांनी पट्टी बांधलेला चेहरा सावकाश वळवला. थेट तिच्याकडे.

"कोण आहे तिथे?"

"बाबा, मी. मीच आहे."

ते उठले. खुर्ची मागे पडली. हाताला लागला तो चाकू त्यांनी उघडला आणि पातं तिच्या दिशेने धरलं. मूठ घट्ट होती.

"तुम्ही कोण आहात ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. इतक्या अदबीने ते तिच्याशी उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. "पण माझ्या मुलीचा आवाज काढू नका."

"बाबा!"

"ठके, तू माझ्या मागे हो. घाबरू नकोस. मी आहे."

त्यांनी डावा हात पाठीमागे नेला, लहान मुलाला आडोशाला घ्यावं तसा. बोटं कशाभोवती तरी वळली.

ती भिंतीला टेकून बाजूला सरकली, तेव्हा तिला तो हात दिसला. त्यात काही नव्हतं. फक्त मनगटाच्या कातडीवर शेजारी शेजारी चार बोटांचे खळगे पडले होते, आणि बघता बघता ते आणखी खोल रुतत गेले.