दाजींचं वजन

ते मशीन बंदच राहिलं तर सगळ्यात जास्त फायदा रोपांच्या नर्सरीवाल्याचा होता.

चालू मशीन घ्यायचं तर हात सैल करावा लागला असता. बंद मशीन म्हणजे भंगार. म्हणून माझे दाजी गेल्यापासून तो सारखा ताईकडे यायचा, चेहरा लांब करून बसायचा आणि जाता जाता शेडकडे बघून विचारायचा, "वहिनी, अजून लागत नाही ना हो ते?"

इतक्या काळजीने त्याने दाजींची तब्येतही कधी विचारली नव्हती.

ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथे हजर होतो. आणि असले प्रकार रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी नीट वाचावं... रात्र नव्हती. गेल्या वर्षीचा एक रविवार, भर दुपार. ताईच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुईत दोरा ओवता येईल एवढं ऊन होतं.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. बंगल्यांचं, शाळांच्या मैदानांचं गवत कापून द्यायचे. छोट्या ट्रॅक्टरसारखं, बसून चालवायचं मशीन होतं त्यांचं. माणूस असा आडवातिडवा की ते बसले की सीट 'कुईं' करून खाली जायची.

ताई उलट. काडी.

"तुमच्या बहिणीला बसवलं तर मशीनला कळणारच नाही कुणी बसलंय," असं मला सांगायचे आणि स्वतःच्याच विनोदावर आधी हसायचे.

विनोदात थोडं तथ्य होतं. त्या सीटखाली एक बटण असतं. पुरेसं वजन पडलं की ते दाबलं जातं. वजन नाही, तर इंजिन लागत नाही. चालू मशीनवरून माणूस उठला, तर बंद पडतं. अपघात नको म्हणून.

मग दाजींना पोटाचं दुखणं लागलं. वर्षभरात त्या धिप्पाड माणसाचा खुंटीला टांगलेला शर्ट झाला.

तरी रोज शेडमध्ये जायचे. सीटवर बसायचे. किल्ली फिरवायचे.

काही नाही...

बॅटरी तपासली. प्लग बदलला. ताजं पेट्रोल भरलं. फ्यूज पाहिला. पुन्हा बसले.

काही नाही.

"मेव्हणे, मशीन म्हातारं झालं," फोनवर मला म्हणाले. "एकदा लागू दे. शाळेचं मैदान कापतो, मग काय व्हायचं ते होवो."

मी म्हटलं, येतो बघायला. तर ताईनेच फोन हिसकावला.

"तू येऊ नकोस."

का, ते तिने दाजी गेल्यावर सांगितलं. एकदा ते औषध घ्यायला घरात गेले होते. ही शेडमध्ये एकटी. सहज सीटवर बसली, ब्रेक दाबला, किल्ली फिरवली.

मशीन लागलं.

पहिल्या झटक्यात.

घाबरून तिने बंद केलं. घरातून हाक आली, "लागलं का गं?"

"नाही हो," ताई म्हणाली. "शेजारच्यांची गाडी होती."

मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. दाजी तिच्यापेक्षा हलके झाले होते, एवढंच. जन्मभर तिला काडी म्हणणाऱ्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

तिने नाही सांगितलं. ते शेवटपर्यंत प्लग घासत राहिले.

तर त्या रविवारी नर्सरीवाला टेम्पो घेऊनच आला. ताईला ती शेड बघवत नव्हती, म्हणून तिने होकार दिला होता.

"बंद मशीन नेतोय वहिनी, ते केवळ तुमच्यासाठी."

"बंद कुठंय?" मी म्हटलं. "थांबा की जरा."

मृताच्या टाळूवरचं लोणी याला फुकट मिळू द्यायचं नाही, हे मी ठरवूनच आलो होतो. आणि मी काही काडी नाही. बसलो. ब्रेक दाबला. किल्ली फिरवली.

काही नाही...

नर्सरीवाल्याचा चेहरा फुलला. "मी काय सांगत होतो?"

दिवे लागत होते. प्लगला ठिणगी होती. पेट्रोल होतं. म्हटलं, सीटखालचं बटण बघू. खाली उतरलो.

सीट वर आली नाही.

माणूस उतरला की स्प्रिंग सीटला वर ढकलते. ही तशीच दबलेली.

आणि मग...

कुईं.

अजून खाली गेली. माझ्या वजनाने गेली होती, त्याच्याही खाली.

"स्प्रिंग गेलीय," नर्सरीवाला म्हणाला. "म्हणजे भाव अजून थोडा..."

ब्रेकचं पेडल हळूहळू दाबलं गेलं.

कुणीही पाय ठेवला नव्हता...

किमतीचं बोलणं तिथेच थांबलं. मी किल्लीला हात का घातला, मला आजही सांगता येत नाही. पण घातला. फिरवली.

मशीन लागलं.

टेम्पो रिव्हर्समध्येच रस्त्यापर्यंत गेला.

आवाज ऐकून ताई ओल्या हातांनी धावत आली. दारात थबकली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं ते त्या खोल दबलेल्या सीटकडे.

ती घाबरली नाही. हसली.

"अहो... अंगाने भरलात की परत!"

इंजिन संथ चालत होतं. ती जवळ गेली. मग तिला जे रडू फुटलं, ते दाजी गेले त्या दिवशीही फुटलं नव्हतं.

"मशीन नव्हतं हो बिघडलं," ती म्हणाली. "खोटं बोलले मी. तुमचंच वजन..."

इंजिन बंद पडलं.

सीट वर आली. हळू... एखादा जड माणूस स्टिअरिंग धरून, बेताने उतरतो तशी.

त्यानंतर ते मशीन लागलेलं नाही. मी बसलो, ताई बसली, दोन मिस्त्री बसले. सगळे भाग ठीक आहेत म्हणतात.

ताईने ते विकलं नाही. दुपारी शेडमध्ये खुर्ची टाकून बसते. मी गेलो की एकच विचारते.

"रागावले असतील का रे?"

"छे गं."

"मग का उठले?"

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितलेली नाही. जन्मभर इंजिनं उघडणाऱ्या माणसाला सीटखालचं बटण सुचलं नसेल? मला तर वाटतं, ती 'शेजारच्यांची गाडी' ऐकली त्याच दिवशी त्यांना कळलं होतं. ती बिचारी जपतेय म्हणून तेही प्लग घासत बसले.

हिशोब कसाही मांडा. नर्सरीवाल्याचं मशीन हुकलं. माझी दुपारची झोप गेली, ती गेलीच. हे सगळं किरकोळ. किंमत भरतेय ती एकटी ताई.

कारण त्या घरात शेवटी खरं बोलली ती एकटीच.