रुळाशी न थांबणारी सायकल

ही गोष्ट खोटी वाटली तर वाटू द्या. पण इंदूमावशी खोटं बोलणारी बाई नव्हती.

आणि तिच्या घरात भुताचं नावही काढत नसत. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हाच अंगारे-धुपारे, देव्हारा, सगळं नदीला दिलं होतं.

एकोणसाठ सालचा पौष. मूर्तिजापूर.

इंदूबाई जवळच्या खेड्यात नर्स होती. सायकलनं जायची, दिवस बुडाल्यावर परतायची. थंडीनं बोटं हँडलवर अशी आखडायची, की घरी आल्यावर आई, म्हणजे माझी आजी केशरबाई, एकेक बोट सोडवायची.

वाटेत छोट्या गाडीचा, म्हणजे नॅरोगेजचा, रूळ होता. फाटक नाही. माणूस नाही.

एका संध्याकाळी शेजारून आवाज आला...

खर्र... खर्र... खर्र...

सैल चेन कव्हरला घासत होती. कोणीतरी बिनदिव्याची सायकल चालवत होतं. अंधारात दिसेना. इंदूबाईला बरंच वाटलं. तेवढीच सोबत.

"कोन्या गावचे, भाऊ?"

नुसती चेन घासत राहिली.

रुळाजवळ शिट्टी ऐकू आली. इंदूबाई उतरली. शेजारची चेन मात्र थांबली नाही...

इंजिनाचा उजेड रस्त्यावर पडला. उजेडात सायकल नव्हती.

नुसता आवाज रुळावर चढला. आणि गाडीखाली गेला.

इंदूबाई किंचाळली. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, कंदील घेऊन चाकांखाली पाहिलं.

"बाई, इथं तं कोनीच नाही."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

दुसरी वाट नव्हती. घर तिच्याच पगारावर चालायचं. रोज संध्याकाळी कोणीतरी तिच्या सोबतीनं यायचं, आणि तिच्या कानांदेखत मरायचं.

भीतीपेक्षा तेच तिला सहन होईना.

शेवटी एकदा शिट्टी झाली, तशी ती अंधाराकडे तोंड करून बोलली,

"थांब रे बाबा. गाडी येऊन राहिली."

चेन थांबली.

गाडी खडखडत गेली. मागचा लाल दिवा दिसेनासा झाला. सगळं सामसूम. रातकिडासुद्धा नाही...

मग अगदी तिच्या खांद्याजवळून कोणीतरी विचारलं,

"गेली काय?"

इंदूबाईनं सायकल दामटली. रूळ ओलांडला. आजवर तो आवाज रुळापलीकडे कधीच आला नव्हता.

खर्र... खर्र... खर्र...

वस्ती आली. घराघरांतले दिवे दिसू लागले. आवाज मागंच. थेट दारापर्यंत.

तिनं आत शिरून कडी घातली.

केशरबाई चुलीपुढून उठली. दाराच्या फटीला डोळा लावून बाहेर पाहत राहिली... बराच वेळ.

"त्याले बाहेर कावून उभं केलं वं, इंदू? कुडकुडून राहिला बिचारा."

पुढच्याच महिन्यात मावशीनं अकोल्याला बदली करून घेतली.

त्या संध्याकाळी आजीनं दार उघडलं का, हे मी मावशीला दोनदा विचारलं.

दोन्ही वेळा ती उठून आत निघून गेली.