मैंदर्गीचा भाडेकरू

दार उघडलं ते एका तरुणानं. एका गालावर फेस, हातात रेझर, खांद्यावर टॉवेल.

"सुंदरम्मांनी पाठवलंय... घर बघायला," राजनंदिनी म्हणाली.

"घरमालकिणीनं मला सांगितलंच नाही!" तो बाजूला झाला. "या की. अर्धी दाढी झालीय, अर्धं सामान बांधून झालंय."

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरचा तो वन बीएचके. राजनंदिनी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात नोकरीला होती आणि रात्री आत्याच्या स्वयंपाकघरात अंथरूण टाकत होती. आत्या वाईट नव्हती. पण दर रविवारी तिच्याकडं एखादं स्थळ चहाला येऊन बसायचं. राजनंदिनीला आतून कडी लावता येईल असं एक दार हवं होतं. बाकी तिची काही मागणी नव्हती.

तरुणाचं नाव अजिनाथ. बँकेत होता, बदली झाली होती. घर दाखवताना तो भलतंच खरं बोलत होता.

"ही पश्चिमेची भिंत. उन्हाळ्यात संध्याकाळी हिच्यावर भाकरी भाजून निघेल. पाणी चार-पाच दिवसांनी येतं. आलं तरी उन्हानं तापून चहाचं येतं... पत्ती तेवढी आपण टाकायची."

"घर द्यायचं नाहीये का तुम्हाला?"

"द्यायचंय. फसवायचं नाहीये." तो जरा थांबला. "ही खिडकी मात्र चांगली आहे."

ती खिडकीपाशी गेली. वारा आला, ओढणी उडाली, तिनं ती धरली. अजिनाथ बघत राहिला आणि मग एकदम त्याला उरलेल्या दाढीची आठवण झाली.

"बदली कुठं?" तिनं विचारलं.

"मैंदर्गीला. माहितीय का?"

"माझं गाव आहे ते." ती हसली. "आमच्या माडीवरची खोली रिकामी आहे. विचारून बघा."

अशी अदलाबदल झाली. ती त्याच्या घरात राहायला आली आणि तो तिच्या.

तिच्या वडिलांना, जोतिराम आप्पांना, हे मानवलं नाही. लग्नाआधी पोरीनं एकटीनं बिऱ्हाड करायचं म्हणजे काय? त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिनंही फोन करणं थांबवलं. माडीवरच्या भाडेकरूला मात्र ते जिन्यात गाठायचे. "तुमीच दिलं व्हय तिला ते घर?" अजिनाथ सांगायचा, घर सुंदरम्मांचं आहे.

रविवारी तो सोलापूरला यायचा. काम असतं म्हणायचा. हातात तिच्या आईनं दिलेला डबा असायचा, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा. कधीकाळी स्वतःच राहिलेल्या घराच्या दारात तो परक्यासारखा उभा राहायचा.

"या ना आत. वाट माहीत आहे तुम्हाला."

"घर आता तुमचं आहे. तुम्ही म्हटल्याशिवाय कसं यायचं?"

हे वाक्य तिला आवडलं. तसं तिनं दाखवलं नाही.

चहा व्हायचा. तो आप्पांचे प्रश्न घेऊन आलेला असायचा. शेजारी कोण आहे, कडी मजबूत आहे का. आप्पांनी विचारलंय असं तो चुकूनही म्हणायचा नाही आणि तिला ते कळायचं.

एका रविवारी तो आला नाही. तिनं दोन कप चहा केला होता. दोन्ही तिनंच प्यायले. दुसरा गार झाला होता.

पुढच्या रविवारी तो रिकाम्या हातानं आला.

"माडीवरची खोली सोडतोय."

"आप्पा काही बोलले?"

"नाही हो. लई चांगले आहेत ते... म्हणून तर." तो कपाकडं बघत म्हणाला, "त्यांच्या घरात राहायचं, त्यांच्या ताटात जेवायचं आणि त्यांच्याकडंच तुम्हाला मागायचं... बरं दिसत नाही. आधी बाहेर पडतो. मग जाऊन बोलतो."

तिनं आपला कप खाली ठेवला.

"आणि मला कधी विचारणार होता?"

"आत्ताच की." त्याचा आवाज एवढासा झाला. "विचारतोय."

"मी हे घर सोडणार नाही."

"सोडा म्हटलं का मी? तिकडून संध्याकाळी एसटी आहे. जाऊन-येऊन करीन... तुम्ही आत या म्हणालात तर."

ती उठली. त्याला वाटलं, संपलं. ती चपला घालत होती.

"चला. आप्पांकडं एकटे जाऊ नका."

मैंदर्गीत पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आप्पा ओट्यावर बसले होते. कित्येक महिन्यांनी लेक समोर आली होती, तरी त्यांनी आधी भाडेकरूकडं पाहिलं. अजिनाथनं घसा खाकरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

आप्पा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. राजनंदिनीच्या मनात आलं, त्यांनी हे घर कायमचं बंद केलं तर? तिला इतके दिवस वाटलं होतं, आपल्याला त्याचं काही वाटणार नाही.

"भाडेकरू म्हणून मानूस बरा हाय," ते शेवटी म्हणाले. "जावई म्हणून बघाय लागंल."

"बघा की," राजनंदिनी म्हणाली. "मी बघितलाय."

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग ते ओट्यावर थोडे सरकले आणि दोघांना बसायला जागा झाली.