गळ्याला धरू नकोस

बसा पोरांनो, पाय मोकळे करून बसा. वॉर्डातली घंटा वाजली तर दाराजवळचा जाईल, बाकीचे ऐकतील. मघाशी तुमच्यातल्या एकानं त्या जाड्या आजोबांना काखेत हात घालून पोत्यासारखं ओढलं, ते मी पाहिलं. नाव घेत नाही, पण त्याचे कान लाल झालेत, तेव्हा घ्यायची गरजही नाही. त्यावरूनच आज वस्तादची आठवण झाली. ही काही उडत आलेली गोष्ट नाही. माणूस माझ्या ओळखीचा, एका ताटात जेवलेला.

वस्ताद म्हणजे तुमच्यासारखाच वॉर्डबॉय. अंगानं काडी, पण पेशंट पलंगावरून ट्रॉलीवर असा न्यायचा की झोपलेला असेल तर झोप मोडू नये. नवा माणूस आला की त्याच्याच हाताखाली. आधी ब्रेक लाव. गुडघ्यात वाक, कमरेत नको. ओझं पोटाशी घे. एकट्यानं कधी उचलू नकोस. आणि हात लावायच्या आधी पेशंटला सांग, उचलतोय हं, ठेवतोय हं. शुद्धीत असो नसो, जिवंत असो नसो. "मेलेल्याला कशाला सांगायचं?" असं कुणी शहाण्यानं विचारलं की म्हणायचा, "तुला न विचारता कुणी उचललं तर तुला चालेल का?"

सगळ्यात कडक नियम गळ्याचा. घाबरलेला पेशंट उचलणाऱ्याच्या गळ्यात हात टाकतो आणि सगळा भार मानेवर देतो. वस्तादच्या पहिल्या जोडीदाराला असाच हिसका बसला होता. मणका सरकला आणि दुसऱ्यांना उचलणारा तो माणूस स्वतःच अंथरुणाला खिळला. तेव्हापासून वस्ताद आधी पेशंटचे हात छातीवर ठेवायचा आणि बजावायचा, "गळ्याला धरायचं नाही." लहान-मोठा, ओळखीचा-अनोळखी, कुणालाही सूट नाही.

मग एका वर्षी त्याची बायकोच वॉर्डात आली. आमची वहिनी. अर्धांगाचा झटका. डावी बाजू पार गेली, हात लाकूड झाला, पण बोलणं शाबूत राहिलं. झटकासुद्धा तिच्या जिभेला घाबरला, असं वस्ताद सांगत सुटायचा आणि मग कोपऱ्यात जाऊन डोळे पुसायचा. दिवसा ड्यूटी, रात्री तिच्या उशाशी. मूलबाळ नव्हतं. एकमेकांना तेवढी दोघंच.

तिला उचलायला तो वाकला की दर वेळी तिचा उजवा हात त्याच्या मानेकडे यायचा. दर वेळी तो हात काढून छातीवर ठेवायचा.

"मी काय पेशंट आहे का हो?" ती म्हणायची.

"या पलंगावर आहेस तोवर पेशंटच."

"उभ्या जन्मात चारचौघांत कधी जवळ घेतलं नाहीत. आता उचलता तेव्हाच काय ते जवळ येता. आणि तेव्हाही आपलं, हात खाली."

"अगं, माझी मान गेली तर तुला उचलणार कोण?"

त्याचं खरंच होतं, तिला दुसरं कुणी नव्हतं. पण तिला एवढंच हवं होतं, एकदा त्याच्या गळ्यात हात टाकायला मिळावेत, आणि नेमकं तेच तो देत नव्हता. सबंध वॉर्डाला ते दिसत होतं. त्या खुळ्याला वाटायचं, आपण तिची काळजी घेतोय. घेतही होता म्हणा.

जानेवारीतला दुसरा मंगळवार. रात्रीचे पावणेतीन. वहिनीची चादर ओली झाली होती, म्हणून तो खालच्या कपड्यांच्या खोलीतून कोरडी चादर आणायला निघाला. निघताना तिला जरा वर सरकवायला वाकला. हात आलाच. या खेपेला हट्टानं आला, बोटं कॉलरमध्ये अडकली. त्यानं एकेक बोट सोडवलं, हात छातीवर ठेवला.

"गळ्याला धरू नकोस. आलोच मी चादर घेऊन."

ती काही बोलली नाही. जिना उतरताना त्याच्या मनात आलं, ही आणि गप्प? रुसली असणार. वर गेल्यावर समजूत काढू.

चादर घेऊन तो वर आला तेव्हा सिस्टर दारातच उभी होती. तिनं त्याच्या हातातली चादर घेतली. तेवढ्यावरून त्याला कळलं.

तो रडला नाही, हे वाईट झालं. सिस्टरनं वहिनीला पुसून घेतलं, हात छातीवर घेऊन पट्टीनं बांधले, वर गाठ मारली. लंबू नावाचा त्याचा जोडीदार होता, तो म्हणाला, "वस्ताद, तुम्ही बसा. आम्ही दोघं नेतो." तर म्हणे, "नको. तिला परक्या हाताची सवय नाही." दोघांनी मिळून तिला ट्रॉलीवर घेतलं. उचलायचे एक-दोन-तीन आकडे वस्तादनंच मोजले. आवाज जरासुद्धा हलला नाही.

उतारावरून ट्रॉली खाली नेली. मॉर्चरीचं दार उघडलं. लंबूनं लोखंडी ट्रे बाहेर ओढला, ट्रॉली त्याला लावली.

"लंबू, तू जरा बाहेर थांब."

"एकट्यानं उचलू नका, वस्ताद. तुम्हीच शिकवलंय."

"थांब म्हटलं ना."

लंबू बाहेर गेला. दार लोटलं गेलं.

आत फक्त शीतपेटीच्या मोटरची घरघर. वस्तादनं ब्रेक लावला. तिच्या पाठीखाली हात घातले. आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "अगं, उचलतोय हं. गळ्याला ध..."

पुढचं निघेना.

तो तसाच वाकलेला राहिला. गुडघ्यात नव्हे, कमरेत. आयुष्यात पहिल्यांदा चुकीचा वाकला. मग त्याला फुटलं रडू. आणि रडत रडत तो म्हणाला, "धर. धर गं... आज धर."

मोटर बंद पडली.

शांत झालं. फार शांत.

मानेला गार लागलं. वाऱ्यासारखं... पण दार तर लोटलेलं. खिडकी त्या खोलीला नाहीच.

मग वजन आलं.

हळूच. आधी उजवीकडून. मग...

त्यानं मान वर करून पाहिली. मान वर होईना. त्याचे स्वतःचे हात तिच्या पाठीखालून सुटले होते, ट्रेच्या कडेला घट्ट धरून होते. त्यानं कुणाला हाक मारली नाही. तो ओरडला नाही. भीती वाटली का, असं नंतर लंबूनं विचारलं तर म्हणाला, वाटली. पण सुटावंसं वाटलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. लंबूनं दार ढकललं. वस्ताद तिच्यावर ओणवा, कपाळ तिच्या खांद्याला टेकलेलं.

"वस्ताद... चला आता. सोडा वहिनींना."

"मी धरलेलं नाही."

लंबू दोन पावलं पुढं आला. वस्तादचे दोन्ही हात कडेवर. वहिनीचे दोन्ही हात छातीवर. पट्टी तशीच. गाठ तशीच.

लंबू आहे तिथंच थांबला. त्याच्यानं पुढं पाऊल टाकवेना.

मग वस्ताद बोलला. लहान मुलाशी बोलावं तसं, तिच्या कानाशी.

"अगं... खाली ठेवतोय हं."

काहीच झालं नाही.

"मलाही नको वाटतंय गं. पण ठेवतोय. एक... दोन..."

तीन त्याला म्हणवलं नाही. तो आकडा त्या खोलीत कुणीच म्हटला नाही. पण त्याची मान सुटली. तो सरळ झाला, भिंतीला टेकला, आणि मोटर पुन्हा सुरू झाली. मग दोघांनी मिळून वहिनीला नीट ट्रेवर घेतलं, सांगून, सावकाश.

तुम्ही म्हणाल, दमलेला माणूस, रात्रभर जागलेला, त्याला भास झाला. लंबूही घाबरट. तसं म्हणा बापडे, मी भांडायला बसलेलो नाही. मला इतकंच माहीत आहे की सकाळी आम्ही सगळे तिला न्यायला जमलो तेव्हा तो बाकावर खाली मान घालून बसला होता आणि कॉलर खाली सरकली होती. मी त्याच्या मागं उभा होतो. मानेवर बोटांचे निळे ठसे होते, गळामिठीत बोटांत बोटं गुंतवावीत तसे. उजव्या हाताचे, आणि डाव्या हाताचेही.